ग्राहकांना पॉइंट आणि कामगारांना वाटा : किराणा व्यवसाय वाढवताना नफा कसा वाटावा

नाशिकमध्ये इंदिरानगर आणि गंगापूर रोड अशा दोन ठिकाणी किराणा व सुकामेव्याची दुकाने चालवणाऱ्या एका व्यावसायिकांनी सविस्तर लिहून सल्ला विचारला आहे. दोन्ही दुकानांची मिळून वार्षिक विक्री सुमारे 3 कोटी रुपये, सरासरी ढोबळ नफा (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा करून उरणारी रक्कम) 15 टक्के आणि 11 कामगार, असा त्यांचा व्याप आहे. मोठी साखळी दुकाने आणि काही मिनिटांत माल घरपोच देणारी ॲप यांच्याकडे ग्राहक वळू लागल्याने ते चिंतेत आहेत. बिलिंगचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रतिनिधीने प्रत्येक खरेदीवर 5 टक्के पॉइंट, म्हणजे पुढच्या खरेदीत पैशांसारखे वापरता येणारे गुण, देण्याची योजना त्यांना सुचवली आहे. एका परिचितांनी नेहमीच्या ग्राहकांकडून प्रत्येकी 5,000 रुपये घेऊन वर्षाअखेरीस त्यांना नफ्याचा हिस्सा द्यावा, असे सुचवले आहे. आणि कामगारांना नफ्यात वाटा द्यावा, असे त्यांच्या स्वतःच्या मनात आहे. यांपैकी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. कामगारांचा वाटा सर्वांत आधी सुरू करावा, ग्राहकांची योजना त्यानंतर आणि बरीच आटोपशीर करून आणावी, आणि ग्राहकांकडून पैसे घेण्याचा प्रस्ताव हातीच घेऊ नये. नाशिकमधील किरकोळ व्यापाऱ्यांचे हिशेब आणि त्यांच्या योजना मी बराच काळ जवळून पाहत आलो आहे. ज्या योजना टिकल्या त्यांत वाटप वर्षाच्या वाढाव्यातून, म्हणजे सर्व खर्च वजा जाता उरलेल्या शिलकीतून, झाले, आणि ज्या गुंडाळाव्या लागल्या त्यांत बहुतेक ठिकाणी विक्रीवर टक्का आधीच जाहीर केलेला होता. विक्रीवर टक्का जाहीर करणे म्हणजे हिशेब होण्यापूर्वीच वाटप करून मोकळे होणे होय.

आपल्याच आकड्यांवर हे तपासून पाहू. 3 कोटींच्या विक्रीवर 15 टक्क्यांनी ढोबळ नफा 45 लाख होतो. 11 कामगारांचे पगार आणि दिवाळीचा बोनस मिळून अंदाजे 20 लाख, आणि भाडे, वीज, पॅकिंग, घरपोच सेवा व इतर खर्च 11 लाख धरले, तर 14 लाख उरतात. आपण स्वतः सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत दुकानात उभे असता, त्या श्रमाचा पगार महिना 50,000 रुपये धरला तर 6 लाख आणखी वजा होतात. दुकानात अडकलेले 50 लाखांचे भांडवल दुसरीकडे गुंतवले असते तर मिळाले असते तेवढे व्याज, 8 टक्के दराने धरल्यास 4 लाख, हेही वजा केले पाहिजे. आता शिल्लक राहिले ते 4 लाख, आणि व्यवसायाने खऱ्या अर्थाने निर्माण केलेला वाढावा तेवढाच आहे. आपले आकडे थोडे वेगळे असतील, परंतु मांडणी हीच ठेवावी. स्वतःचा पगार आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज न धरता काढलेला नफा वाटायला घेतला, तर मालक स्वतःची मजुरीच वाटून टाकतो.

5 टक्के पॉइंट सर्व विक्रीवर दिले तर त्यांची किंमत 15 लाख होते. ढोबळ नफ्याचा दर त्यामुळे 15 वरून 10 टक्क्यांवर येतो, आणि पूर्वीचेच 45 लाख मिळवण्यासाठी विक्री 3 कोटींवरून 4.5 कोटींपर्यंत न्यावी लागते. अगदी 2 टक्के दिले तरी खर्च 6 लाख, म्हणजे वर काढलेल्या वाढाव्याच्या दीडपट आहे, आणि तो भरून काढण्यासाठी विक्री 15 टक्क्यांहून अधिक वाढायला हवी. शिवाय वाढलेली विक्री फुकट होत नाही. तिच्यासाठी जास्तीचा माल भरावा लागतो, घरपोच सेवेसाठी आणखी एक माणूस लागतो, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलांची उधारीही वाढते.

यावर सॉफ्टवेअर विकणारे दोन युक्तिवाद करतात. पहिला असा की, पॉइंटच्या बदल्यात आपण माल देतो, त्यामुळे 100 रुपयांच्या पॉइंटचा खरा खर्च 85 रुपयेच असतो. ग्राहक एरवी घेतला नसता असा माल पॉइंटवर नेत असेल तर हे बरोबर आहे; परंतु तो नेहमीचे पाच किलोचे तेलच पॉइंटवर नेत असेल तर आपले पूर्ण 100 रुपये गेले, कारण ते तेल त्याने रोख पैसे देऊन नेलेच असते. दुसरा युक्तिवाद असा की, बरेच ग्राहक पॉइंट वापरायचे विसरतात, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च कमी येतो. मला हा युक्तिवाद मान्य नाही. जो ग्राहक पॉइंट विसरला, त्याच्यावर योजनेचा परिणामही झालेला नाही. म्हणजे आपला खर्च वाचला तो योजना निरुपयोगी ठरल्यामुळे. उलट ज्यांच्या लक्षात असते ते सगळे दिवाळीच्या आठवड्यातच पॉइंट वापरायला येतात, जेव्हा मालाचे पैसे चुकते करण्याची घाई असते. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या हिशेबमानकानुसार, म्हणजे इंड एएस 115 नुसार, दिलेल्या पॉइंटच्या किमतीइतकी विक्री त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून धरता येत नाही, ती देणे म्हणून पुढे न्यावी लागते. आपल्याला ते मानक लागू नाही, तरी त्यामागची शिस्त घेण्यासारखी आहे : दर महिन्याला दिलेल्या पॉइंटइतकी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि पॉइंटची मुदत पहिल्याच दिवशी बिलावर छापावी.

ग्राहकाला पॉइंट देणे आणि त्याला नफ्याचा वाटा देणे, या दोन कल्पना इतिहासात वेगवेगळ्या वाटांनी आल्या आहेत, आणि आपल्याकडे त्यांची गल्लत होते म्हणून थोडे मागे जातो. खरेदीवर तिकिटे देऊन ती साठवल्यावर वस्तू द्यायची पद्धत अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने 1896 पासून पसरवली. विमान कंपन्यांच्या मैलांच्या योजना 1981 पासून फोफावल्या, आणि ब्रिटनमधील टेस्कोचे क्लबकार्ड 1995 मध्ये देशभर आले. या सर्वांत ग्राहकाला मिळते ती सूटच असते, फक्त ती उशिरा मिळते. याहून अगदी वेगळी पद्धत इंग्लंडमधील रॉचडेल येथे 1844 मध्ये 28 सभासदांनी काढलेल्या सहकारी दुकानाने रुजवली. तेथे माल बाजारभावानेच विकला जाई, हिशेब पूर्ण झाल्यावर वाढावा काढला जाई, आणि तो सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत दिला जाई. आपल्या महाराष्ट्रात दूध संघाकडून दिवाळीला मिळणारा दूधफरक किंवा साखर कारखान्याचा अंतिम हप्ता ज्याने घेतला आहे, त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. वर्षभर जेवढे दूध घातले तेवढ्या प्रमाणात फरक मिळतो, आणि तोही हिशेब झाल्यानंतर मिळतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी कंपनी कायद्यात हीच तरतूद आहे : सभासदाने कंपनीशी जितका व्यवहार केला, त्या प्रमाणात वाढाव्यातून बोनस देता येतो. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही याच प्रकारची कंपनी आहे.

आता परिचितांनी सुचवलेल्या 5,000 रुपयांच्या प्रस्तावाकडे वळतो. रॉचडेलमध्ये किंवा दूध संघात वाटा मिळतो तो मालक असलेल्या सभासदाला. त्याला मत असते, हिशेब पाहण्याचा हक्क असतो आणि कायद्याने ठरवलेली चौकट असते. आपले दुकान एकल मालकीचे आहे. तेथे ग्राहकाकडून पैसे घेऊन ते परत करण्याचे आणि वर नफा देण्याचे आश्वासन दिले, तर ती रक्कम ठेव ठरू शकते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या केंद्रीय कायद्यात ठेवीच्या व्याख्येत व्याज, बोनस, नफा किंवा अन्य कोणत्याही रूपातील लाभाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि राज्याचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा, जो एमपीआयडी या नावाने ओळखला जातो, तोही आहेच. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम या व्याख्येतून वगळलेली आहे, परंतु ती खरोखर मालासाठीच असावी लागते. कंपनी असलेल्या सराफी पेढ्यांच्या मासिक योजना अकरा महिन्यांच्या असतात याचे कारणही हेच आहे : आगाऊ रक्कम 365 दिवसांच्या आत मालात वळली नाही तर ती ठेव मानली जाते. ग्राहकांना रीतसर भागीदार करून घ्यावे म्हटले, तर एका भागीदारी पेढीत 50 पेक्षा अधिक भागीदार घेता येत नाहीत, आणि प्रत्येक भागीदार पेढीच्या सर्व देण्यांना अमर्याद जबाबदार असतो. शेजारच्या सोसायटीतील निवृत्त गृहस्थांना 5,000 रुपयांसाठी अशा जबाबदारीत ओढणे योग्य नाही. ग्राहकांना खरोखर मालक करायचे असेल तर ग्राहक सहकारी संस्था काढावी. तो मार्ग सन्माननीय आहे, पण मग दुकान आपले राहत नाही.

कामगारांच्या वाट्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण व्यवसाय वाढण्याची खरी किल्ली मला तेथे दिसते. किराणा दुकानात नफा कोठे गळतो ते आठवून पाहावे. सुट्या मालाच्या वजनात प्रत्येक पुडीमागे पाच-दहा ग्रॅम जास्त जातात. पावसाळ्यात रव्याला आणि बेसनाला कीड लागते. नवीन माल पुढे मांडला जातो, जुना मागे राहतो आणि त्याची मुदत संपते. कंपनीकडे बदलून मिळणारा माल वेळेत परत जात नाही. ग्राहकाने मागितलेली वस्तू गोदामात असूनही ‘संपली’ असे सांगितले जाते. यांपैकी एकही गोष्ट मालकाच्या जाहिरातीने सुधारत नाही. ती काउंटरवरच्या आणि गोदामातल्या माणसाच्या हातात असते. पंचवटीतील एका दुकानाने ढोबळ नफ्यातून तूट, म्हणजे मालाची घट आणि नासाडी, वजा करून उरलेल्या रकमेशी कामगारांचा वाटा जोडला, तेव्हा पहिला बदल मी तेथील मांडणीवर पाहिला. गोदाम सांभाळणारा मुलगा प्रत्येक खोक्यावर मुदतीचा महिना जाड मार्करने लिहू लागला आणि काउंटरवरच्या मुली खजूर व मनुकांची जुनी पाकिटे स्वतःहून पुढच्या ओळीत आणू लागल्या. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. नासाडीचा आकडा दर महिन्याला भिंतीवर लागत होता, तेवढे पुरेसे ठरले.

योजना अशी आखावी. वर काढलेला 4 लाखांचा वाढावा हा उंबरठा समजावा, आणि त्यापुढे जे मिळेल त्याचा 25 टक्के हिस्सा कामगारांचा ठरवावा. वर्षाअखेरीस वाढावा 7 लाख झाला, तर वरच्या 3 लाखांतून 75,000 रुपये वाटपासाठी निघतात, म्हणजे दर माणशी सरासरी 6,800 रुपये. रक्कम फार मोठी नाही, आणि ती मोठी आहे असे कामगारांना भासवूही नये. परंतु मालकाच्या हाती 2 लाख 25 हजार जास्त आले आहेत आणि त्यांतला एकही रुपया त्याने आगाऊ दिलेला नाही. वाटणी करताना अर्धी रक्कम पगाराच्या प्रमाणात आणि अर्धी हजेरीच्या दिवसांवर द्यावी, म्हणजे कमी पगाराच्या पण नेमाने येणाऱ्या माणसावर अन्याय होत नाही. व्यक्तिगत विक्रीवर वाटा ठेवू नये. तसे केले की काउंटरवर ग्राहकांची ओढाओढ सुरू होते आणि गोदामातला माणूस सगळ्यांतून वगळला जातो.

हा वाटा दिवाळीच्या बोनसच्या जागी देऊ नये. बोनसचा 1965 चा कायदा आणि त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता या दोन्हींत किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि कमाल 20 टक्के आहे. दुकानांच्या बाबतीत ही तरतूद 20 किंवा अधिक कामगार असलेल्यांना लागू होते, त्यामुळे 11 जणांच्या आपल्या दुकानांवर ती सक्ती नाही. पण नाशिकच्या बाजारपेठेत एक पगार दिवाळीला देण्याची रीत आहे आणि कामगार तो आपला हक्क समजतो. तो रास्तच समजतो. नफ्याचा वाटा त्याहून वेगळ्या वेळी द्यावा. 31 मार्चला वर्ष संपते, हिशेब मे-जूनपर्यंत पक्के होतात, आणि जूनच्या मध्यात शाळा उघडतात. वह्या-पुस्तके, गणवेश आणि फी यांच्या त्या दिवसांत आलेले सहा-सात हजार रुपये घराला दिवाळीतल्या पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

वाटा शून्यही असू शकतो, हे पहिल्याच दिवशी सांगावे. ब्रिटनमधील जॉन लुइस पार्टनरशिप या दुकानांच्या साखळीत मालकी कामगारांच्या वतीने एका न्यासाकडे आहे आणि नफ्यातला बोनस सर्वांना पगाराच्या समान टक्क्याने मिळतो. त्या संस्थेनेही 2021 मध्ये, 1953 नंतर प्रथमच, बोनस दिला नाही. असे वर्ष पचवता येते ते आकडे वर्षभर सर्वांसमोर असतील तरच. म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला विक्री, ढोबळ नफा, तूट आणि खर्च हे चार आकडे एका कागदावर लिहून कामगारांच्या जेवणाच्या जागी लावावेत. अनेक मालक येथेच अडखळतात. त्यांना वाटते की आकडे कळले तर पगारवाढ मागितली जाईल. माझा अनुभव उलट आहे. आकडे दिसत नाहीत तेथे कामगार गल्ल्यातली सगळी रक्कम नफाच समजतो. लेखी पत्रात हेही नमूद करावे की हा वाटा कामाचा मोबदला आहे आणि त्याने भागीदारी निर्माण होत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 6 मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे, तरीही लिहिलेले असलेले बरे.

कामगारांची योजना किमान दोन तिमाह्या चालल्यावर ग्राहकांकडे वळावे. तेथे सरसकट पॉइंट न देता बक्षीस नियमितपणाला द्यावे. आपला खरा आधार महिन्याची यादी पाठवणारी कुटुंबे आहेत. सलग सहा महिने यादी आली तर सातव्या महिन्यात सुकामेव्यावर किंवा आपण स्वतः कुटून पॅक करत असलेल्या मसाल्यांवर ठरावीक सूट द्यावी. या मालावर नफ्याचा दर जास्त असतो, घरात त्याची गोडी लागली तर पुढची खरेदी पूर्ण दराने होते, आणि मोठ्या दुकानात तोच मसाला मिळत नाही. तेल आणि साखरेवर बक्षीस देऊ नये. तेथे आधीच दोन-चार टक्क्यांवर धंदा असतो आणि दरांच्या स्पर्धेत आपण मोठ्या साखळ्यांपुढे टिकणार नाही. डीमार्टसारखी साखळी पॉइंटऐवजी रोजच्या कमी दरांवरच वाढली आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कराच्या दृष्टीने बिलावरच दाखवलेली सूट सर्वांत सोपी. ती बिलात नमूद असली की त्या रकमेवर जीएसटी लागत नाही. बक्षीस म्हणून वस्तू फुकट दिली, तर तिच्या खरेदीवर घेतलेले कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, सोडावे लागते. आपण हॉटेलांना आणि मिठाईवाल्यांनाही माल देता, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो : अशा व्यावसायिक ग्राहकाला वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू किंवा सहल दिली, तर 1 जुलै 2022 पासून त्यावर 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. विक्रीवरील सूट त्यात येत नाही.

मोबाइल नंबरविषयी थोडे. बिल करताना नंबर दिलाच पाहिजे असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये बजावले आहे आणि त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. संध्याकाळच्या गर्दीत एखाद्या आजी आपला नंबर मोठ्याने सांगत असतात आणि मागे उभे असलेले चार जण तो ऐकत असतात, हे दृश्य मला नेहमी खटकते. आपल्याला यादीची कुटुंबे इमारतीच्या नावाने आणि फ्लॅटच्या क्रमांकाने ओळखता येतात. खाते त्याच ओळखीने ठेवावे.

योजना उपयोगी पडते की नाही हे कळण्यासाठी ती आधी एकाच दुकानात सुरू करावी आणि दुसऱ्या दुकानाशी तुलना करावी. गतवर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना आपल्या धंद्यात फसवी ठरते. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते, 2026 मध्ये अधिक मासामुळे ते 8 नोव्हेंबरला येते. म्हणजे ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर चांगली योजनाही पडलेली दिसेल. त्यासाठी श्रावण ते भाऊबीज असा सलग काळ धरावा. 22 सप्टेंबर 2025 पासून सुकामेव्यासह अनेक वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला आहे, म्हणून बदाम-पिस्त्यांची तुलना रुपयांऐवजी किलोंत करावी. आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. त्या दोन महिन्यांत येणाऱ्या यात्रेकरूंची विक्री वेगळ्या खात्यात लिहावी, तिच्या नफ्यातून कामगारांना जादा कामाचा मोबदला स्वतंत्रपणे द्यावा, आणि पुढच्या वर्षाचा उंबरठा ठरवताना ती रक्कम त्यात मिसळू नये. मिसळली तर 2028 मध्ये कामगारांनी कितीही चांगले काम केले तरी त्यांचा वाटा निघणार नाही.